भीड आणि पाच पैसे

आमच्या घरी खोकल्याच्या औषधाच्या सहा बाटल्या आहेत. खोकला कोणालाच नाही.

त्याचे असे आहे. बुलढाण्यासारख्या गावात बँकेच्या कॅश काउंटरवर बसणारा माणूस म्हणजे देवळातली घंटा. येणारा-जाणारा प्रत्येक जण ओळखतो आणि जमल्यास एकदा वाजवून जातो. त्यामुळे अस्मादिक मेडिकलच्या दुकानात शिरले की, ‘‘या साहेब, आज इकडं कुणीकडं?’’ असा पुकारा होतो आणि दुकानातली पाच डोकी वळतात. त्यांतल्या तिघांचे खाते आमच्याच शाखेत. चौथे शाळेचे हेडमास्तर. पाचवे सौभाग्यवतींच्या भिशीतल्या बाई. अशा भरसभेत, ‘‘काय पायजे साहेब?’’ या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर द्याल? मी म्हणतो, ‘‘खोकल्याचं औषध.’’

वास्तविक मला हवे असते एक लहानसे चौकोनी पाकीट. ते समोरच, काचेआड, बाळाच्या पावडरीशेजारी मांडलेले असते. (ही मांडणी करणाऱ्याची विनोदबुद्धी दांडगी असली पाहिजे. ‘हे घ्या, नाहीतर ते घ्या’ असा सरळ पर्याय!) त्यावर हल्ली जीएसटीसुद्धा नाही. सरकारने शून्य टक्के ठेवला आहे. पण जो कर सरकार लावत नाही तो आम्ही स्वतःच स्वतःला लावून घेतो. त्या कराचे नाव भीड. माझा आजवरचा भरणा खोकल्याच्या सहा बाटल्या.

क्वचित धैर्य करून ते पाकीट मागितलेच, तर दुकानदार ते आधी वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि मग काळ्या पिशवीत घालतो. काळ्या पिशवीतून फक्त एकच वस्तू बाहेर पडते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असल्यामुळे गुप्तता संपूर्ण! २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा पर्यावरणवाद्यांना आनंद झाला असेल. आमच्यासारख्या गिऱ्हाइकांना वाटले, आता आपले कसे होणार!

ही भीड पूर्वजांकडून आली म्हणावे तर तसेही नाही. आमच्याच जिल्ह्यात लोणारला दैत्यसूदनाचे मंदिर आहे. सरोवर बघायला येणारे ते मंदिरही बघतात. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर जी शिल्पे आहेत ती बघून शाळेच्या सहलीत आमचे मास्तर एकदम, ‘‘चला, चला, पुढं चला, सरोवर आटेल!’’ असे ओरडू लागले होते. सरोवर हजारो वर्षे आटलेले नव्हते, पण मास्तरांना घाई होती. शिल्पकाराने शेकडो वर्षांपूर्वी उन्हातान्हात दगडावर जे खोदले ते आम्हाला फिरत्या नजरेनेसुद्धा बघवेना.

कारकुनाला हिशेब लागला नाही की झोप येत नाही. म्हणून या वस्तूचे खाते मी अगदी पहिल्या नोंदीपासून तपासायला घेतले.

पहिली ठळक नोंद सापडते इटलीत. गाब्रिएले फालोप्पिओ नावाचा सोळाव्या शतकातला वैद्य. स्त्रीच्या शरीरातल्या ज्या नलिकांना ‘फॅलोपियन’ म्हणतात त्या याच गृहस्थाच्या नावाच्या. त्याच्या मृत्यूनंतर १५६४ साली छापलेल्या पुस्तकात लिननच्या कापडाच्या आवरणाची कृती दिली आहे. अकराशे पुरुषांवर प्रयोग केला आणि एकालाही लागण झाली नाही, असा त्याचा दावा. आता ‘लागण’ कसली? मुलांची नव्हे! लागण उपदंशाची, म्हणजे सिफिलिसची. त्या रोगाने तेव्हा युरोप पोखरून काढला होता. ही नोंद वाचकांनी पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवावी. हे आवरण मुळात पाळणा थांबवण्यासाठी नव्हे, रोग थांबवण्यासाठी लिहून ठेवले गेले. पाळण्याचे काम त्याच्याकडे पुढे आले. आमच्याकडे नाही का, माणूस लागतो शिपाई म्हणून आणि चेक क्लिअरिंगही तोच करतो!

त्यानंतर मेंढीच्या आतड्याची आवरणे आली, ती फक्त श्रीमंतांना परवडत. १८४४ साली चार्ल्स गुडइयरने रबर पक्के करण्याच्या रीतीचे पेटंट घेतले आणि पुढे मोटारीचे टायर आणि ही वस्तू दोन्ही एकाच मालाची निघू लागली. १९२०च्या सुमारास लॅटेक्स आले. माल पातळ, मजबूत आणि स्वस्त झाला. राहता राहिला प्रश्न, तो मागायचा कसा?

आपल्याकडे तो मोठ्याने मागणारा पहिला मराठी माणूस म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, जन्म १८८२. वडिलांनी विधवांच्या शिक्षणासाठी शिव्या खाल्ल्या आणि पुढे भारतरत्न मिळवले. मुलाने शिव्या तर खाल्ल्याच, वर दंड भरला आणि रत्न वगैरे काही मिळाले नाही. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना उघडला होता. म्हणजे एरवी लंडनची फॅशन आपल्याकडे पोचायला वीस वर्षे लागत, ती या बाबतीत त्याच साली हजर!

पण गणिताच्या प्राध्यापकाने गणिताबाहेरच्या बेरजा-वजाबाक्या शिकवाव्यात हे कॉलेजला मानवले नाही. १९२५ साली कर्व्यांनी नोकरी सोडली. वाचकहो, मी नोकरदार माणूस आहे. भविष्यनिर्वाह निधी म्हटले की माझे डोळे पाणावतात. एका विचारासाठी कायमची नोकरी सोडणारा मराठी माणूस दिसला की मी उभा राहून नमस्कार करतो आणि मनातल्या मनात त्याच्या ग्रॅच्युइटीचे काय झाले असेल याचा विचार करतो.

१९२७च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मरेपर्यंत ते चालवले. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीचे सुख, यांविषयी ते वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. सरळ, रोखठोक, शास्त्राच्या आधाराने. पहिला खटला झाला १९३१ साली, दंड शंभर रुपये. दुसरा १९३४ साली, तो वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरूनच. त्यात कर्व्यांचे वकील कोण होते? बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर! लोक विचारतात तर उत्तर द्यायचे नाही काय, आणि लैंगिक विषय असला की तो अश्लीलच कसा, असा बाबासाहेबांचा रोख होता. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. बाबासाहेबांनी हॅवलॉक एलिस या तज्ज्ञाचा दाखला देऊन, यात काही गैर नाही, अशी बाजू मांडली. खटला हरला. दंड दोनशे रुपये. त्या काळचे दोनशे! एक प्रश्न उघड विचारू देण्याची ही किंमत.

तर कर्व्यांच्या वहीत जमाखर्च असा : खर्ची एक नोकरी आणि तीनशे रुपये दंड. जमा शून्य.

स्वातंत्र्यानंतर मात्र चमत्कार झाला. ज्या गोष्टीसाठी कर्व्यांना दंड झाला तीच गोष्ट सरकार स्वतः विकू लागले. १९६८ साली ‘निरोध’ बाजारात आला. तीन नगांचे पाकीट पंधरा पैशांना, म्हणजे नगाला पाच पैसे. नावाची एक गंमत सांगतात. आधी ‘कामराज’ हे नाव सुचवले गेले होते. पण के. कामराज हे काँग्रेसचे बडे पुढारी, अध्यक्षपद भूषवलेले. दुकानात जाऊन ‘‘एक कामराज द्या’’ कोण म्हणणार आणि संसदेत काय उत्तर देणार? तेव्हा ‘निरोध’ आला. पतंजलीने योगाची व्याख्या करताना चित्तवृत्तींसाठी वापरलेला शब्द नगाला पाच पैसे दराने पानपट्टीवर लटकला. कारण तो विकण्याचे काम सरकारने चहा, साबण, सिगारेट आणि बॅटरीच्या कंपन्यांवर सोपवले होते. ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्थान लिव्हर, युनियन कार्बाइड! जिथे चहापत्ती पोचते तिथे निरोध पोचला पाहिजे, असा हिशेब. पुढच्याच वर्षी तिरुअनंतपुरमला हिंदुस्तान लेटेक्सचा कारखाना जपानी मदतीने सुरू झाला.

माझी आणि निरोधची पहिली भेट १९८८च्या आसपासची. शेजारी एक आरोग्यसेवक राहत. त्यांच्या ओसरीवर फुकट वाटपाचा मोठा खोका असे. आम्हा पोरांना वाटले, सरकारने मुलांसाठी फुगे पाठवले. रंग नाही, पण फुगतो मात्र हातभर! धाकट्या बहिणीच्या वाढदिवसाला आम्ही पंचवीस फुगे फुगवून बैठकीत टांगले. वडील कचेरीतून आले. त्यांच्याबरोबर त्यांचे साहेबही होते. वडिलांनी वर पाहिले, साहेबांनी खाली पाहिले. साहेब गेल्यावर एक आवाज झाला. तो फुगा फुटल्याचा नव्हता. माझा गाल दोन दिवस सुजलेला होता.

का मारले ते वडिलांनी सांगितले नाही. मी विचारले नाही. या विषयावरचे आम्हा बापलेकांचे संपूर्ण संभाषण एवढेच.

मधल्या काळात आणीबाणी येऊन गेली होती. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या महाराष्ट्राने तर सक्तीचा कायदाच विधिमंडळात मंजूर करून टाकला, पण राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून वाचलो. आमच्या बँकेत ठेवींचे टार्गेट असते, तसे तेव्हा माणसांचे होते. परिणाम असा की लोक लाल त्रिकोण दिसला की उसाच्या फडात पळू लागले. १९७७ साली सरकार पडले आणि ‘कुटुंबनियोजना’चे नाव बदलून ‘कुटुंबकल्याण’ झाले. कर्वे सांगत होते, विचारा. आणीबाणीने सांगितले, विचारू नका, आडवे पडा. आधीच भीड होती, तिला आता भीतीची जोड मिळाली.

आणि नेमक्या अशा वेळी फालोप्पिओची जुनी थकबाकी वसूल व्हायला आली. १९८६ साली मद्रासमध्ये एचआयव्हीचे भारतातले पहिले रुग्ण सापडले. आमचा जिल्हा तसा आडबाजूचा. पण मलकापूर, नांदुरा, खामगाव करत कोलकात्याचा महामार्ग आमच्या अंगणातून जातो. आमच्या आळीतला एक ट्रकड्रायव्हर होता. मोठा दिलदार माणूस, आम्हा पोरांना नागपूरहून संत्री आणायचा. नव्वदीच्या मध्यावर तो वाळत वाळत गेला. काय झाले विचारले तर घरचे म्हणायचे, ‘‘पोटाचा इकार हाय.’’ आळीला ठाऊक होते, डॉक्टरला ठाऊक होते. त्याच्या बायकोला मात्र कोणी सांगितले नाही. दोन वर्षांनी तिलाही तोच ‘पोटाचा इकार’ झाला. त्या घरात पाच पैशांची वस्तू ठाऊक नव्हती असे नाही. ती लाल त्रिकोणाची, पाळणा थांबवायची म्हणून ठाऊक होती. रोग थांबवायची म्हणून कोणी सांगितलीच नव्हती. फुकटची औषधे सरकारी केंद्रांत मिळू लागली ती २००४ सालापासून. तोवर ती गेली होती.

सांगलीत मात्र १९९२पासून ‘संग्राम’ संस्थेने उलटा मार्ग धरला. शरीरविक्रय करणाऱ्या बायकांनाच त्यांनी हे काम दिले. त्या बायका गिऱ्हाइकाला तोंडावर सांगू लागल्या, हे नसेल तर चालता हो. जिथे भीड सुटली तिथे जीव वाचले. प्रतिष्ठित वस्तीत भीड टिकून होती.

आता हे सगळे पुराण मी का सांगतो आहे? तर एका भाच्यामुळे. (त्याला विचारून लिहितो आहे. भाचे मला पाच आहेत, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. शोधत बसा.) भाचा पुण्याला नोकरीला. दिवाळीत आला तेव्हा ताई म्हणाली, ‘‘दादा, लग्नाचं नाव काढू देत नाही रे. तूच बोल. अन् तिकडं एकटा राहते, जरा... म्हणजे... तू पुरुषमाणूस, तूच सांग.’’

मी त्याला संध्याकाळी राजूर घाटाकडे फिरायला नेले. कठड्यावर बसलो. गालावरची जुनी चपराक आठवत होती, म्हणून मी ठरवले होते की या पिढीत तरी शब्द वापरायचे. मी बँकेच्या भाषेत सुरुवात केली. ठेवीचा विमा कसा महत्त्वाचा असतो, आणि मुदतीआधी काढून घेण्यावर ज्यांनी भिस्त ठेवली त्यांचे व्याज नऊ महिन्यांनी कसे जमा होते, वगैरे.

भाचा ऐकत होता. मग म्हणाला, ‘‘मामा, माझ्याकडं मूल होण्याचा प्रश्नच येणार नाही. मला मुली नाही आवडत. मुलगे आवडतात.’’

मी नोटा मोजताना चुकलो की पुन्हा पहिल्यापासून मोजतो. तसे ते वाक्य मी दोनदा मोजले. रक्कम तीच भरली. घाटाखाली मोताळ्याच्या बाजूचे दिवे लागत होते. काय बोलावे सुचेना, तेव्हा म्हणालो, ‘‘बरं.’’ मग वाटले, ‘बरं’ हे चपराकीपेक्षा बरे असले तरी पुरेसे नाही. म्हणून विचारले, ‘‘पण मग काळजी घेतोस ना रे?’’

तो म्हणाला, ‘‘कसली? मूल होत नाही तर त्याची काय गरज, असं सगळेच म्हणतात. अन् विचारू कोणाला? दवाखान्यात गेलो तर भिंतीवर नवरा, बायको आणि दोन पोरं. त्या चित्रात मी कुठं आहे?’’

मंडळी, मी पन्नास वर्षांची सरकारी जाहिरात डोळ्यांपुढे आणली. हम दो, हमारे दो. पोरगा खरेच त्या चित्रात नव्हता. आमची चूक अशी की आम्ही ती वस्तू कुटुंबाच्या नावावर जमा केली. ज्यांच्या कुटुंबाला आम्ही कुटुंब म्हणायला तयार नव्हतो, त्यांचे खातेच उघडले नाही. कायदाही असा की १८६०च्या दंडसंहितेतले ३७७ कलम या मंडळींना गुन्हेगार म्हणे. १९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात कैद्यांना कंडोम द्यायला नकार मिळाला. दिले तर गुन्ह्याला मदत होईल म्हणून! त्यावरूनच त्या कलमाविरुद्ध पहिली याचिका झाली. त्याच साली मुंबईत अशोक राव कवी यांची ‘हमसफर’ संस्था आणि पुढे २००२ साली पुण्यात बिंदुमाधव खिरे यांचा ‘समपथिक’ ट्रस्ट उभा राहिला. हे लोक रात्री-अपरात्री बागांतून, स्टेशनांवरून हिंडून माणसांशी बोलत राहिले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांच्या संमतीचे संबंध त्या कलमातून सोडवले. बाबासाहेबांचा १९३४चा युक्तिवाद चौऱ्याऐंशी वर्षांनी वटला. इतक्या उशिरा वटलेला चेक मी तरी पाहिलेला नाही.

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून माहिती काढली, आणि मग मी त्याला कारकुनी पद्धतीने ‘नियम व अटी’ लिहून दिल्या. त्या इथे देतो, कारण त्या कोणत्याही खातेदाराला लागू आहेत, बाई असो, पुरुष असो, तृतीयपंथी असो.

प्रत्येक वेळी नवे, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पाकिटावरची मुदत बघावी. मुदत संपलेले माझ्या काउंटरवरही चालत नाही. दातांनी फाडू नये. दोन एकावर एक चढवू नयेत, घासून दोन्ही फाटतात. पाकिटात ठेवून त्यावर बसू नये, आणि मलकापूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही, उष्णतेने रबर मरते. खोबरेल तेल, व्हॅसलीन लावू नये, त्याने लॅटेक्स फाटते. वंगण पाण्याचे किंवा सिलिकॉनचे घ्यावे. मागच्या बाजूच्या संबंधात तर ते हवेच, कारण तिथे जखम आणि धोका दोन्ही जास्त. मुखसंबंधातही रोग लागतात, तिथेही आवरण. दोघी बायका असतील तर त्याही सुटलेल्या नाहीत. लॅटेक्सचा पातळ चौकोन मिळतो, तो नसेल तर नवे कंडोम उभे कापून पसरता येते. आवरण सगळेच रोग अडवते असे नाही, म्हणून हिपॅटायटिस बी आणि एचपीव्हीची लस घ्यावी, आणि अधूनमधून तपासणी करावी. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची चाचणी फुकट होते, गुप्त राहते. १०९७ हा फोनही फुकट. फाटले, घसरले, तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठावा, जितके लवकर तितके बरे. रोग अडवणारी औषधे मिळतात. आधीपासून घ्यायची गोळीही आहे. आणि लागण असलेला माणूस नियमित औषध घेऊन रक्तातला विषाणू मोजण्यापलीकडे दाबून ठेवत असेल, तर त्याच्याकडून संबंधातून एचआयव्ही लागत नाही. तेव्हा त्याला वाळीत टाकू नये. शेवटची अट सगळ्यांत मोठी. समोरचा ‘नको’ म्हणाला की व्यवहार रद्द.

भाच्याने पुढे ताईला स्वतःच सांगितले. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने पुण्याला फोन लावून विचारले, ‘‘जेवलास का?’’ आमच्याकडे याला मंजुरी म्हणतात.

हे सगळे झाल्यावर गेल्या आठवड्यात मी मेडिकलमध्ये गेलो. तीच पाच डोकी. हेडमास्तर आधीच उभे. ‘‘काय पायजे साहेब?’’ मी रघुनाथरावांचे नाव घेतले आणि म्हणालो, ‘‘कंडोमचं एक पाकीट.’’ आवाज जरा मोठाच निघाला. पंख्यासकट सगळे थांबल्यासारखे वाटले. दुकानदाराने सवयीने वर्तमानपत्र ओढले. मी म्हणालो, ‘‘कागद राहू द्या.’’

काही झाले नाही. छप्पर पडले नाही. दंडसुद्धा झाला नाही.

मग त्याने हेडमास्तरांकडे वळून विचारले, ‘‘अन् सर, तुमाले?’’

सरांनी एकवार माझ्या हाताकडे पाहिले, एकवार काचेकडे पाहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, ‘‘खोकल्याचं औषध.’’

मला त्यांच्या घरचे कपाट डोळ्यांपुढे दिसले. मी म्हणालो, ‘‘सर, औषध माझ्याकडे सहा बाटल्या आहे, घरी पाठवून देतो. तुम्ही निवांतपणे दुसरं काय ते मागा.’’